मोकळ्या दिवसाचा इतिहास : ओसाका

सहल-कंपनीने दिलेल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक तारखेपुढे चार-पाच ओळींचा मजकूर होता. अमुक देऊळ, तमुक किल्ला, अमक्या वेळेची बुलेट ट्रेन. एकाच तारखेपुढे एवढेच छापले होते : ‘ओसाका. मोकळा दिवस.’ त्या रविवारी सकाळी उमेदा भागातल्या हॉटेलच्या दाराशी आम्ही उभे होतो. आम्ही दोघे, म्हणजे महाविद्यालयात मराठी शिकवणारे एक जोडपे, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली मुलगी, आणि आमच्यापैकी एकाची आई, म्हणजेच दुसरीच्या सासूबाई. समोरच्या चौकातून माणसांचे लोंढे वाहत होते. आईबापांची बोटे धरलेली मुले, बाबागाड्या, आजी-आजोबा. सारे शहरच जणू कुटुंबकबिल्यासह बाहेर पडले होते.

“मोकळा म्हणजे? आपण करायचं काय?” आईंनी विचारले.

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो तसा नाही. मोकळा दिवस ही गोष्ट आपण ऊन-पावसासारखी निसर्गदत्त समजतो. वास्तविक तो कोणीतरी दिलेला, कोणीतरी मागितलेला, कोणीतरी विकलेला आणि प्रसंगी कोणीतरी हिरावून घेतलेला असतो. कुटुंबाने एकत्र बाहेर पडून शहर पाहायचे, बाहेर जेवायचे आणि दिवेलागणीला थकून परतायचे, या साध्या दिनक्रमालाही इतिहास असतो. तो इतिहास ओसाका शहरात जितका ठळकपणे वाचता येतो तितका फार थोड्या ठिकाणी वाचता येत असेल. त्या दिवशी आम्ही ज्या वाटेने फिरलो त्याच वाटेने हा इतिहास सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

आधी रविवारविषयी. ओसाका ही व्यापाऱ्यांची नगरी. तिच्या सेम्बा या जुन्या व्यापारी पेठेत दहा-बारा वर्षांची पोरे उमेदवार म्हणून दुकानात राहत, तिथेच जेवत, तिथेच झोपत. त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती, कारण आठवडाच नव्हता. ‘याबुइरी’ नावाची त्यांची सुट्टी वर्षातून दोनदा येई, पहिल्या आणि सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी. त्या दिवशी मालकाने दिलेले नवे कपडे घालून पोर आईबापांना भेटायला जाई. घर फार दूर असेल तर नाटक-तमाशात दिवस काढी. म्हणजे मोकळा दिवस होता, पण तो घरी परतण्याचा होता. घर घेऊन बाहेर पडण्याची कल्पना अजून जन्मली नव्हती.

मेइजी राजवटीने १८७३ साली पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली आणि १८७६ च्या एप्रिलपासून सरकारी कचेऱ्यांना रविवारची पूर्ण व शनिवारची अर्धी सुट्टी लागू केली. त्यापूर्वी कचेऱ्या तारखेत एक किंवा सहा हा अंक येणाऱ्या दिवशी बंद असत. ख्रिस्ती नसलेल्या देशात रविवार आला तो कारभाराच्या आणि परराष्ट्र-व्यवहाराच्या सोयीसाठी. देवळात जाण्याचे बंधन त्या दिवसावर नव्हते, जुना सणही नव्हता. दिवस रिकामाच आला होता. कारकून, शिक्षक, बँकेतले नोकर यांच्या हाती पडलेल्या या रिकाम्या दिवसाचे करायचे काय, हा आईंचाच प्रश्न पन्नास वर्षे जपानी शहरांपुढे होता. ओसाकात त्याचे सर्वांत चतुर उत्तर एका रेल्वेवाल्याने शोधले.

उमेदा स्थानकातून बाहेर पडणारी हानक्यू रेल्वे मूळची मिनो-आरिमा विद्युत रेल्वे. ती १९१० च्या मार्चमध्ये सुरू झाली. तिचे सूत्रधार कोबायाशी इचिझो हे पूर्वी बँकेत नोकरीला होते आणि तरुणपणी कादंबरीकार होण्याची स्वप्ने पाहत होते. त्यांच्यापुढची अडचण चमत्कारिक होती. रेल्वे होती, पण तिच्या दुसऱ्या टोकाला जावे असे कोणतेही मोठे शहर नव्हते. शेते, टेकड्या आणि उष्ण पाण्याचे झरे एवढेच होते. तेव्हा कोबायाशींनी उतारूच घडवायचे ठरवले. रुळांलगतच्या जमिनी घेऊन इकेदा येथे बागेसह घरे बांधली आणि ती दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांवर पगारदार माणसांना विकली. धुराने काळवंडलेल्या ओसाकात राहू नका, तिथे नुसते कामाला जा, असा त्यांच्या जाहिरातींचा सूर होता. सकाळी गाडी शहराकडे भरून जाईल याची सोय झाली. रविवारी ती उलट दिशेने भरावी म्हणून मिनोला प्राणिसंग्रहालय उघडले आणि ताकाराझुकाला स्नानगृहे. तिथे बांधलेला बंदिस्त पोहण्याचा तलाव पार फसला. पाणी गारठलेले, आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहण्याला त्या काळी मनाई. कोबायाशींनी तलावावर फळ्या टाकून प्रेक्षागार केले, १९१३ साली मुलींचे गायनपथक जमवले आणि १ एप्रिल १९१४ रोजी पहिला प्रयोग लावला. पुढे जगभर नाव झालेल्या ताकाराझुका संगीतनाट्याचा उगम हा असा आहे. ज्यांच्याकडे मुलांसह निर्धास्तपणे जाता येईल असे नाटक हवे होते, त्या कुटुंबांसाठी ते जन्मले.

राहिले ते परतीचे टोक. १५ एप्रिल १९२९ रोजी उमेदा स्थानकावरच हानक्यूचे आठ मजली भांडार उघडले. रेल्वे कंपनीनेच आपल्या शेवटच्या स्थानकावर भांडार चालवावे ही तेव्हा नवी गोष्ट होती. त्याच्या प्रशस्त भोजनगृहातला ‘राइस करी’ हा पदार्थ इतका गाजला की केवळ तो खाण्यासाठी कुटुंबे गाडीत बसत. घर, गाडी, करमणूक, खरेदी, जेवण, सारे एकाच तिकिटाच्या अंतरात. आपण ज्याला ‘फॅमिली आउटिंग’ म्हणतो त्याचा आराखडा इथे पूर्ण झाला. यात फसवणूक होती असे आम्हांला म्हणायचे नाही. हप्त्यावरच्या घरातल्या गृहिणीला एक दिवस चुलीपासून सुटका मिळाली, हे त्या करीचे खरे मोल होते. मात्र सुट्टीही आता खर्चाची बाब झाली, आणि खर्चाला पैसा कुठून येतो हे विचारणे भाग आहे.

ओसाकाला ‘धुराची राजधानी’ म्हणत, आणि हे बिरुद ती अभिमानाने मिरवी. १८८३ साली साडेदहा हजार चात्यांनिशी सुरू झालेल्या ओसाका सूतगिरणीने या धुराची सुरुवात केली. विजेचे दिवे लावून रात्रपाळी चालवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या गिरण्यांत तिची गणना होते. या गिरण्यांना लागणारा कापूस लवकरच मुंबई बंदरातून येऊ लागला. जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पोन युसेन कंपनीने १८९३ च्या नोव्हेंबरात कोबे-मुंबई जहाजमार्ग सुरू केला, तेव्हा परदेशी जहाज कंपनीने दरयुद्ध पुकारूनही तो टिकला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भारतीय कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपान होते. वऱ्हाड-खानदेशातल्या काळ्या मातीतून निघालेली बोंडे अशा रीतीने योदो नदीच्या काठी सूत होत होती. आमच्यातल्या एकाचे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते. बाजारातल्या स्वस्त जपानी कापडाला ते शिव्या घालत, असे आई सांगतात. त्या कापडातला धागा कदाचित आपल्याच मुलखातून गेलेला असेल, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

त्या धाग्यावर राबत होत्या खेड्यापाड्यांतून आणलेल्या मुली. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि कुंपणाआडची वसतिगृहे. बाहेर पडायचे तर परवानगी हवी. १९११ साली झालेल्या आणि १९१६ साली अमलात आलेल्या कारखाना कायद्याने त्यांना महिन्याकाठी किमान दोन सुट्ट्या दिल्या. चार रविवार नव्हेत. ओसाकाच्या गिरण्यांत स्वतः काम केलेले होसोइ वाकिझो यांनी ‘जोको आइशी’ हा गिरणकामगार स्त्रियांच्या दुःखाचा वृत्तान्त लिहिला. तो १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि महिन्याभरातच लेखकाने जगाचा निरोप घेतला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली ती १८९० साली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने भारतातील कारखान्यांत स्त्रियांच्या रात्रकामावर निर्बंध आले. जपानी गिरण्यांतले स्त्रियांचे रात्रकाम थांबले १ जुलै १९२९ रोजी. मधल्या काळात मुंबईचे गिरणीमालक टॅरिफ बोर्डापुढे जपानच्या दुहेरी पाळीविषयी तक्रार मांडत होते. त्यांना त्या मुलींच्या झोपेची चिंता होती असे मानण्याचे कारण नाही. पण तक्रार खोटी नव्हती. हानक्यूचे भांडार उघडल्याला तेव्हा अडीच महिने झाले होते. ज्या वर्षी ओसाकाच्या मध्यमवर्गाला रविवारची करी मिळाली, त्याच वर्षी तिच्या गिरणकामगार मुलींना रात्रीची झोप मिळाली. या दोन घटना शेजारी ठेवूनच वाचल्या पाहिजेत असे आम्हांला वाटते.

उमेदाहून आम्ही मिदोसुजी मार्गाची भुयारी गाडी पकडली. हा मार्ग १९३३ साली उमेदा ते शिन्साइबाशी एवढाच सुरू झाला, आणि त्याच्या डोक्यावरचा, सहा मीटरांच्या बोळाचा चव्वेचाळीस मीटर रुंद केलेला राजरस्ता १९३७ साली पुरा झाला. दोन्हींमागची दृष्टी महापौर सेकी हाजिमे यांची. ते मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९२५ च्या हद्दवाढीनंतर ओसाकाची लोकसंख्या एकवीस लाखांवर जाऊन तिने टोकियो शहरालाही मागे टाकले होते, आणि सेकींचा आग्रह होता की शहर नुसते मोठे न होता राहण्याजोगे व्हावे. सुरुवातीला एकाच डब्याची गाडी धावत असताना त्यांनी फलाट मात्र लांबलचक बांधून घेतले. लोकांनी याला उधळपट्टी म्हटले. १९३५ साली सेकी वारले. रस्ता पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. आज त्याच फलाटांवर दहा डब्यांची गाडी लागते. त्या रविवारी तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणीतरी उठून आईंना बसायला दिले.

नाम्बाला उतरून होझेन्जीच्या दगडी फरसबंदीच्या गल्लीत शिरलो ते मुलीच्या नव्हे, आमच्या हट्टाने. ओदा साकुनोसुके यांची ‘मेओतो झेन्झाइ’ ही कथा १९४० सालची. भजीविक्याची मुलगी चोको आणि घराने टाकलेला, व्यापाऱ्याचा ऐतखाऊ मुलगा र्‍यूकिची यांच्या संसाराची ही गोष्ट. धंदे बुडतात, भांडणे होतात, आणि मधूनमधून ही दोघे ओसाकाच्या गल्ल्यांतून काहीबाही खात हिंडतात. कथेत आलेले करीचे एक उपाहारगृह अजूनही नाम्बात आहे. कथेच्या अखेरीस याच गल्लीत दोघे लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड खिरीचे वाडगे घेऊन बसतात. एकाच वाढपाचे दोन वाडगे करून देण्याची तिथली रीत आहे. कोबायाशींच्या आराखड्यात न बसणारी ही माणसे आहेत. त्यांना हप्त्याचे घर नाही, मूल नाही, पगारी रविवार तर नाहीच. तरीही शहरात हिंडण्याचा त्यांचा हक्क ओदांनी शाबूत ठेवला.

तो हक्क धोक्यात आला होता. जपान १९३७ पासून चीनशी लढत होते. शनिवार-रविवार गाळून सोमवार आणि शुक्रवार दोन-दोनदा मोजणारा आठवडा नौदलाच्या बोलीतून सर्वतोमुखी झाला होता. १९४० साली त्यावर गाणेही निघाले. सुट्टी घेणे म्हणजे आघाडीवरच्या सैनिकाशी द्रोह, अशी हवा होती. आणि नेमक्या याच हवेत तानिझाकी जुनइचिरो ‘सासामेयुकी’ लिहू लागले. १९२३ च्या भूकंपानंतर ते या प्रदेशात आले होते. ही कादंबरी ओसाकाच्या एका उतरत्या व्यापारी घराण्यातील चार बहिणींची आहे. कथाकाळ १९३६ ते १९४१. त्यात तिसऱ्या बहिणीचे जमता जमत नसलेले लग्न आहे, आजारपणे आहेत, नाटक पाहणे आहे, ओसाकात जाऊन जेवणे आहे, आणि दर वसंतात कुटुंबाने क्योतोला फुलांचा बहर पाहायला जाणे आहे. युद्ध जवळजवळ नाहीच. १९४३ च्या जानेवारी व मार्च महिन्यांत ‘चुओकोरोन’ मासिकात दोन हप्ते आले आणि लष्कराच्या दडपणाखाली प्रकाशन थांबले. युद्धकाळात स्त्रियांच्या ऐषारामी, खाजगी जीवनाची ही वर्णने अनुचित ठरली. तानिझाकींनी १९४४ साली पहिला खंड स्वखर्चाने छापून मित्रांना वाटला. तेही अधिकाऱ्यांनी रोखले. पूर्ण कादंबरी वाचकांना मिळाली ती युद्ध संपल्यावर, १९४८ पर्यंत.

वाङ्मयाच्या वर्गात आम्ही हे पुस्तक इंग्रजी अनुवादातून लावले तेव्हा एका विद्यार्थ्याने उघड विचारले होते, “सर, यात काही घडतच नाही. मग बंदी कशावर?” त्या वेळी आम्ही लेखनस्वातंत्र्यावर चार वाक्ये बोलून वेळ मारून नेली. उत्तर ओसाकातच मिळाले असे आम्ही म्हणू. तानिझाकींनी युद्धाला विरोध केला नव्हता. त्यांनी फक्त एका कुटुंबाचा रिकामा दिवस सविस्तर, प्रेमाने आणि कोणतेही समर्थन न देता लिहिला. माणसाचा प्रत्येक तास राष्ट्राच्या हिशेबात धरणाऱ्या सत्तेला नेमके तेच सोसवत नाही. विरोधाच्या आरोळीला उत्तर देता येते. कोणी निवांतपणे फुले पाहत बसले असेल तर त्याला काय उत्तर द्यायचे?

दुपारी शिन्सेकाइत पोहोचलो. नावाचा अर्थ ‘नवे जग’. १९०३ साली इथे पाचवे राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले आणि चाळीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्याच्या दाराबाहेर एका खाजगी मंडळीने ‘मानव-मंडप’ उभारून आइनू, तैवानचे आदिवासी, ओकिनावाच्या स्त्रिया यांना प्रेक्षणीय वस्तूंसारखे बसवले होते. त्यांत भारतातील माणसेही होती. चिनी विद्यार्थ्यांनी निषेध केला, ओकिनावाच्या वृत्तपत्रांनी आवाज उठवला आणि त्यांच्या स्त्रियांना परत पाठवण्यात आले. कुटुंबासह पाहण्याच्या गोष्टींत तेव्हा माणसेही होती, हे विसरून या जागेवरून चालता येत नाही. पुढे प्रदर्शनाच्या मैदानावर १९१२ साली लूना पार्क आणि त्सूतेनकाकू हा मनोरा उभा राहिला, १९१५ साली शेजारी प्राणिसंग्रहालय आले. १९४३ मध्ये पायथ्याशी लागलेल्या आगीत मनोरा पोळला, तेव्हा तो पाडून त्याचे लोखंड युद्धाला दिले गेले. त्याच वर्षी संग्रहालयातले हिंस्र प्राणी, बॉम्बहल्ल्यात सुटतील या धास्तीने, मारण्यात आले. पुढच्या मार्चमध्ये ताकाराझुकाचे नाट्यगृहही बंद झाले. कादंबरी, मनोरा, प्राणी, रंगमंच : सारे वर्ष-सव्वा वर्षाच्या आत. रविवार असा एकेक विटेने पाडला गेला.

१३ मार्च १९४५ च्या रात्री शहरच जळले. त्या एका हल्ल्यात सुमारे चार हजार माणसे गेली. त्या रात्री शिन्साइबाशीच्या भुयारी स्थानकाची दारे उघडली गेली आणि वेळापत्रकात नसलेल्या गाडीने आपल्याला आगीतून उमेदाकडे नेले, अशा आठवणी वाचलेल्या अनेकांनी सांगितल्या आहेत. ज्या फलाटांना उधळपट्टी म्हटले गेले होते, त्यांच्यावर त्या रात्री माणसे जगली.

पुढचा भाग ओळखीचा आहे. १९५६ साली त्सूतेनकाकू पुन्हा उभा राहिला. १९७० च्या विश्वप्रदर्शनाला १८३ दिवसांत सहा कोटी चाळीस लाखांवर भेटी झाल्या. सरकारी नोकरांना १९९२ पासून आणि शाळांना २००२ पासून शनिवारचीही सुट्टी लागली. दिवस वाढले, मुले कमी झाली. कोबायाशींच्या स्नानगृहांतून वाढलेले ताकाराझुकाचे फॅमिलीलँड २००३ च्या एप्रिलमध्ये बंद पडले. तरी २०२५ मध्ये ओसाकात पुन्हा विश्वप्रदर्शन भरले आणि अडीच कोटींहून अधिक लोक गेले. घर घेऊन बाहेर पडण्याची सवय सहजी जात नाही.

संध्याकाळी उमेदाला परतलो आणि एका भांडाराच्या वरच्या मजल्यावर जेवायला बसलो. मुलीने करी मागवली. वास येताच आई म्हणाल्या, “हे तर आपलंच आहे.” करी भारतातून इंग्लंडला आणि तिथून जपानला पोहोचली हे खरे, पण वाटेत तिच्यात मांस आले होते. आईंनी नुसता भात मागितला आणि पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. आम्ही अवघडलो. वाढणाऱ्या मुलीने मात्र भाताची वाटी दोन्ही हातांनी समोर ठेवली आणि मान लववली.

तेव्हा आम्हांला कोबायाशींची एक गोष्ट आठवली. १९३० च्या मंदीत हानक्यूच्या भोजनगृहात लोक नुसता भात मागवून त्यावर टेबलावरचा सॉस ओतून खाऊ लागले. कर्मचाऱ्यांनी तक्रार केली. कोबायाशींनी उलट नुसता भात खाणाऱ्यांचे स्वागत असल्याची पाटी लावली, असे सांगतात. आज यांच्यापाशी पैसे नाहीत, उद्या यांची लग्ने होतील, मुले होतील, तेव्हा ही माणसे मुलांना घेऊन इथेच येतील, हा त्यांचा हिशेब होता. हिशेब धंद्याचा होता हे उघड आहे. पण गरीब माणसालाही एक दिवस कुटुंब घेऊन बाहेर पडावेसे वाटेल, हे त्यात गृहीत होते. गिरणीच्या मालकांनी आपल्या मुलींविषयी एवढेही गृहीत धरले नव्हते.

जेवण झाल्यावर मुलीने आजीला विचारले, “कसा गेला दिवस?”

आईंनी बाटलीचे झाकण घट्ट लावले. “बरा गेला. आज सकाळपासून मला कुणी ‘आज भाजी काय?’ असं विचारलं नाही.”

मोकळ्या दिवसाची याहून नेमकी व्याख्या आम्ही अद्याप वाचलेली नाही. पुढच्या सत्रात ‘सासामेयुकी’ पुन्हा लावणार आहोत. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न नवा कोणीतरी विचारीलच. तेव्हा आधी हा दिवस सांगायचा असे ठरवले आहे.